अंगणातले वडील

'स्पेस जॅम' (१९९६) हा चित्रपट मुले बग्ज बनी या व्यंगचित्रातल्या सशासाठी पाहतात. मी मात्र पहिल्याच प्रसंगापाशी थबकतो. रात्री अंगणात लहानगा मायकल जॉर्डन चेंडू बास्केटमध्ये टाकीत आहे, वडील कौतुकाने पाहत आहेत. पुढे तुमच्यासारखा बेसबॉलही खेळेन, असे तो त्यांना सांगतो. प्रत्यक्षात जुलै १९९३ मध्ये वडिलांची, जेम्स जॉर्डन यांची, हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये मायकलने बास्केटबॉल सोडला आणि १९९४ मध्ये तो खरोखरच बेसबॉल खेळला. त्या हत्येविषयी चित्रपट मौन पाळतो. मुलांसमोर ते उचितच म्हणावे लागेल. चित्रीकरणात जॉर्डन हिरव्या पोशाखातील माणसांबरोबर खेळला. त्यांच्या जागी नंतर व्यंगचित्रे आली. अंगणातल्या वडिलांच्या जागी मात्र हाडामांसाचा नट उभा आहे.