आपलेच कागद आपल्याला का सापडत नाहीत?

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यावरचा एक जुना लेख मला हवा होता. लेख संगणकात होता, पण फाइलचे नाव आठवेना. विंडोजच्या सर्चमध्ये 'वसतिगृह' टाकले. काहीच सापडले नाही. एकेक फाइल उघडत गेल्यावर लेख मिळाला, आणि त्यात तो शब्द ठिकठिकाणी होता!

मग इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये तो फोल्डर घातला, नावाबरोबर आतला मजकूरही वाचण्याचा पर्याय निवडला, इंडेक्स नव्याने तयार करायला लावला. तरी तेच. शेवटी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये युनिकोडात 'वसतिगृह' टाइप करून ती त्याच फोल्डरमध्ये ठेवली. ती सापडली. म्हणजे सर्च ठीक होता. जुन्या लेखातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

खरे कारण हेच. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली पत्रके, स्मरणिका, अंक डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत जुळवले. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. इंडेक्सही त्यांचाच होतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसते चित्र असते.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सरकारी कार्यालयांना अभिलेखांची सूची आणि निर्देशांक ठेवायला बांधते. ते आपण हक्काने मागतो. मग तीच शिस्त चळवळीच्या कागदांना का नको? अत्याचाराच्या प्रकरणात एफआयआरची प्रत, जबाब, निवेदन वेळेवर हाती लागले नाही, तर किंमत पीडित कुटुंब मोजते. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढून मुक्यांना वाचा दिली. तो वारसा हार्डडिस्कमध्ये मुका पडून राहावा का?

उपाय आवाक्यातला आहे. मूळ प्रत जपून जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडात आणा. स्कॅनवर मराठी ओसीआर चालवा; टेसेरॅक्ट मोफत मिळते. जोडाक्षरे मात्र माणसानेच तपासावीत. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय लिहा. पीडितांची नावे नकोत.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशातला थोडा वाटा एका स्कॅनरसाठी काढता येईल. प्रत्येक मंडळाने यंदा एवढे तरी ठरवावे.

जय भीम!