न हलणारी आगबोट

दौंडच्या माणसाला प्रवासाचे अप्रूप नसते. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून साऱ्या हिंदुस्थानच्या गाड्या आपल्या दारावरून जाताना पाहण्याची त्याला सवय आहे. दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेसही दौंडवरूनच जाते. पण गाडी दारावरून जाणे निराळे आणि आपण गाडीत असणे निराळे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन दौंडकडच्या वाडीवर गेली त्याला पन्नास वर्षे होत आली, तरी समुद्र म्हणून तिने पाहिला नव्हता. मी शिरूरचा, घोडनदीच्या काठचा. आमच्या दोघांच्या गावांतले पाणी शेवटी भीमेलाच मिळते, आणि तेवढ्यावर आमचे समाधान होते.

यंदा योग आला तो भाच्यामुळे. त्याच्या चाळीतल्या कांद्याला बरा भाव मिळाला. “मामा, आईला गोवा दाखवू,” म्हणाला. मग आक्का, तो, मी आणि आमची सौभाग्यवती असे चौघे निघालो. त्याच्या मनात समुद्राखेरीज आणखीही काही दाखवायचे होते, ते पणजीत पोचल्यावर कळले.

पणजी हे मोठे नेटके शहर आहे. पायऱ्यापायऱ्यांचे पांढरे चर्च, फोंतेन्यासमधली रंगीत घरे, आणि नदीकाठी आदिलशहाचा जुना वाडा. राहण्याची सोय हवी तशी आणि हव्या त्या भावात होते. पोर्तुगीज अमदानीत, १९५२ साली, उभे राहिलेले मांडवी हॉटेल हे एकेकाळी इथले एकमेव मोठे हॉटेल. आता पंचतारांकित महालांपासून खानावळीच्या माडीवरच्या खोलीपर्यंत सारे मिळते. आम्ही माडीवरचे. खिडकीतून नदी दिसत होती, आणि नदीत उभ्या असलेल्या त्या आगबोटी.

दिवसा त्या अगदी सामान्य दिसतात. रात्र पडली की मात्र त्यांच्यावर अशी रोषणाई फुलते, की आक्काने बसल्या जागी हात जोडले. “कुठल्या देवाची पालखी रे ही?” तिने विचारले. भाचा हसून म्हणाला, “लक्ष्मीची, आई.”

गोव्याने १९७६ साली जुगाराचा कायदा केला आणि १९९२ साली तो दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत पैसे टाकण्याच्या यंत्रांना परवानगी दिली. पुढे १९९६ साली जहाजांवरच्या खेळांनाही मोकळीक मिळाली. गंमत अशी, की आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. म्हणून आपली माणसे घाट उतरून मांडवीकडे येतात. खुद्द गोवेकरांना मात्र २०२० पासून या जहाजांवर खेळायला बंदी आहे. ज्या हलवायाच्या घरी त्याची मिठाई खात नाहीत, तिथे पाहुण्याने विचार करावा की नाही?

भाच्याने विचार केला नव्हता. वीस हजार रुपये वेगळे बांधून आणले होते. मी राखणदार म्हणून बरोबर गेलो. प्रवेशाचे पैसे भरले की खाणे-पिणे, नाचगाणे सारे त्यात येते. लहान नावेने मोठ्या जहाजावर जायचे. आत पायाखाली गालिचे, डोक्यावर झुंबरे, आणि मेजामेजाशी गर्दी. अंदर-बाहर आणि तीन पत्ती पाहून मला यात्रेतल्या कनातीची आठवण झाली. खेळ तेच, फक्त पत्ते पिसणाऱ्याच्या गळ्यात बो होता. नोटांच्या जागी रंगीत चकत्या देतात. हजार रुपये हातातून जाताना जीव कळवळतो. चकती जाताना कळवळत नाही.

भाचा चाकापाशी रमला. चाकावर एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य, म्हणजे घरे सदतीस. आपल्या आकड्यावर गोळी थांबली तर पस्तीसपट आणि लावलेली रक्कम परत. मी जुना गणिताचा मास्तर. मनात मांडले : सदतीसही घरांवर शंभर शंभर लावले तर गेले ३,७०० आणि आले ३,६००. शंभर रुपये शून्याचे, म्हणजे मालकाचे. अमेरिकेत चाकावर दोन शून्ये असतात. तिथे ३,८०० लावून ३,६००च येतात. मालकाला लबाडी करावी लागत नाही. त्याने फक्त चाक फिरते ठेवायचे आणि तुम्हाला उठू द्यायचे नाही. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले, की दर फेरीला शून्य आपला घास घेते.

हे मी भाच्याच्या कानात सांगितले. त्याने जे उत्तर दिले ते मी अजून विसरलो नाही.

“मामा, तुमच्या चाकाला एकच शून्य आहे. माझ्या वावरात किती मोजू? पाऊस हे एक. रोगराई दुसरं. भाव तिसरं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती चार मे पर्यंत उठली नाही, हे चौथं. इथं निदान गोळी माझ्या डोळ्यांदेखत पडते.”

चाळीस वर्षे मुलांना उत्तरे सांगितली, पण त्या घटकेला मला उत्तर सुचले नाही.

अकरा हजार गेल्यावर तो उठला. आपणहून उठला, हे त्याचे मोठेपण. परत आलो तेव्हा आक्का जागी होती. किती गेले हे तिने विचारलेच नाही. “जेवलास का?” एवढेच विचारले आणि कूस बदलली. भाचा मात्र बराच वेळ खिडकीशी उभा होता. ठिबकच्या नळ्यांचा हप्ता दिवाळीनंतर भरायचा आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा पाहिला. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा गोवेकर पाद्री संमोहनविद्येचा एक आद्य आचार्य. समोर एक बाई मोहनिद्रेत कलली आहे आणि त्याचे हात तिच्यावर पसरलेले आहेत. तिथून पावलांवर जहाजांच्या जेटी! तिथून आम्ही बेतीच्या फेरीबोटीत बसलो. पायी चालणाऱ्याला या बोटीला पैसा पडत नाही. आक्का कठड्याला धरून उभी होती, वाऱ्याने पदर उडत होता. झगझगीत जहाजांकडे पाहून म्हणाली, “त्या एवढ्या मोठाल्या बोटी जातात तरी कुठं?”

“कुठंच नाही, आई. तिथंच उभ्या असतात,” भाचा म्हणाला.

“मग ही बरी. फुकट नेती आणि पलीकडं पोचवती तरी.”

भाच्याला द्यायचे उत्तर मला तिथे सापडले. वावरातली शून्ये खरीच आहेत, आणि कुठल्याही चाकावरच्या शून्यापेक्षा निर्दय आहेत. पण त्यातली काही माणसाला पुसता येतात. ठिबकने पावसाचे थोडे पुसते, चांगल्या चाळीने भावाचे थोडे पुसते, आणि निर्यातीचे पुसायला सरकारशी भांडता येते. जहाजावरचे शून्य मात्र पुसता येत नाही, कारण त्याच्याच पोटावर जहाज उभे आहे. शिवाय शेतकरी हरला तरी त्याचा कांदा कुणाच्या तरी ताटात पडतो. चकतीने कुणाचे पोट भरल्याचे ऐकिवात नाही.

मी हे सांगितले तेव्हा भाचा काहीच बोलला नाही. पण ठिबकचा हप्ता वेळेवर भरीन, एवढे म्हणाला.

पाडव्याला आपल्या पोथ्यांत द्यूतप्रतिपदा म्हणतात. त्या दिवशी शंकर पार्वतीशी खेळला आणि हरला, अशी कथा आहे. जिंकणारी घरचीच असल्यामुळे कैलासावरचे काही बाहेर गेले नाही, हा त्यातला खरा शहाणपणा. या पाडव्याला भाच्याला शिरूरला बोलावले आहे. पत्ते काढणार आहोत. डाव चिंचोक्यांवर. कुणीही जिंको, खेळ संपला की सारे चिंचोके पुन्हा आमच्याच डब्यात जातात.