मेंढी, बाप आणि गावकी

कन्फ्यूशियसची शिकवण माणसाला अन्यायाबद्दल बेफिकीर करते का, या प्रश्नावर लिहावे, असे संपादकांनी सुचवले. आक्षेप जुना आहे आणि बहुतेकदा कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातल्या एकाच उताऱ्यावर उभा असतो. बापाने मेंढी चोरली म्हणून मुलाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. शे प्रांताच्या अधिपतीला त्याचे कौतुक वाटले, कन्फ्यूशियसने मात्र बापलेकांनी एकमेकांना पाठीशी घालण्यातच सरळपणा पाहिला. एवढे वाचून त्याला आप्तांचा वकील ठरवणारे पुढचे वाचत नाहीत, याचा खेद होतो. योग्य काय ते दिसत असून न करणाऱ्याला त्याच ग्रंथात त्याने भित्रा म्हटले आहे आणि चुकणाऱ्या आईबापांना समजावण्याचे काम मुलावर टाकले आहे. शिवाय ही सवलत बेहिशेबी नव्हती. इ.स.पू. 66 मध्ये हान सम्राट श्वान याने फर्मान काढले: मुलाने आईबापांना, बायकोने नवऱ्याला, नातवाने आजीआजोबांना लपवले तर शिक्षा नाही. उलट, आईबापांनी मुलाला लपवले आणि गुन्हा देहान्ताचा असेल, तर प्रकरण वर पाठवायचे. पुढे तांग राजवटीच्या संहितेने ही सवलत एका घरात राहणाऱ्या नातलगांपर्यंत नेली, पण राजद्रोह वगळला. नाते कोणते आणि गुन्हा कोणता, दोन्ही तोलले जात होते.

हा तोल आपल्याकडे कसा सुटतो, हे समजायला आता नगर जिल्ह्यातल्या कर्जत-जामखेडकडे पाहू. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जुलै 2016 मध्ये एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला होता. त्या खटल्याचा निकालही नगरलाच, त्याच नोव्हेंबरात लागला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि सारे आरोपी निर्दोष सुटले. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले की कोणाचेही काळीज हलते, असे कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला मेन्शियस सांगतो. मूल कोणाचे, हे तो विचारत नाही. आपल्याकडे तो प्रश्न आधी विचारला जातो. खर्ड्याच्या साक्षीदारांना कन्फ्यूशियसची ढाल मिळू शकत नाही, कारण ती बापलेकांपुरती आहे. भावकी, गावकी, जात यांना बापाच्या जागी बसवण्याचे काम आपण केले आहे.

यावर कोणी म्हणेल, चीनमध्येही कुळाने हेच केले. खरे आहे. घरापुरती दिलेली मुभा फुगत जाते, हा या शिकवणीतला धोका मी नाकारत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साक्षीदार बेफिकीर नसतो, घाबरलेला असतो. पण भीती कोणाची? साक्ष देऊन परतल्यावर त्याला त्याच आळीत राहायचे असते, त्याच दुकानातून उधारीवर किराणा आणायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. त्याआधी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने केला. ही योजना आणि हा कायदा फौजदारी खटल्यात एकत्र वापरले जायला हवेत. पोलीस धमकी देणाऱ्याला अडवू शकतो, पण उधारी बंद करणाऱ्या गावाला अडवायला बहिष्काराचा कायदाच लागतो.