विषावर जगणारे भिलाईचे कामगार

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकत दुर्गला येते आणि थोड्याच वेळात भिलाईची उंच धुराडी दिसू लागतात. छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार. या भातखाचरांच्या मुलखात सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कामाच्या शोधात देशभरातून माणसे आली, सेक्टरांतल्या घरांत स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

भिलाईला आलेला पाहुणा मैत्री बागेतले पांढरे वाघ पाहून परततो. कारखान्यातले सर्वांत चिमुकले कामगार मात्र त्याला कधीच दिसत नाहीत. ते आहेत सांडपाण्याच्या टाक्यांत राबणारे जीवाणू!

झोतभट्टीला कोक लागतो. त्यासाठी दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता, हजार अंश सेल्सियसहून अधिक तापमानात कित्येक तास भाजतात. त्यातून निघणारा वायू थंड करून धुतला, की उरलेल्या पाण्यात अमोनिया, सायनाइड आणि फिनॉल उतरते. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. लाल कार्बोलिक साबणाचा उग्र वास घरोघरी ठाऊक आहे. १८६५ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी जखमेतले जंतू मारण्यासाठी हेच द्रव्य वापरले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. जे जंतूंचा काळ, तेच काही जंतूंचे अन्न कसे होते?

यामागे निसर्गाची युक्ती आहे. फिनॉल पेशीचे आवरण सैल करते, मग आतली द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जीवाणू मरतो. स्यूडोमोनास कुळातले काही जीवाणू आवरणातील स्निग्धाम्लांची ठेवण बदलून ते घट्ट करतात. काही तर आत शिरलेले विष चक्क बाहेर उपसून टाकतात. त्यांच्याजवळची खास विकरे फिनॉलच्या सहा कार्बनांच्या कड्याला प्राणवायू जोडतात, कडे फोडतात आणि त्या तुकड्यांतून ऊर्जा मिळवतात. शिवाय ही विद्या ते शेजाऱ्यालाही देतात. विष पचवण्याची जनुके पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या लहानशा वर्तुळावर असतात आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. याच गुणाचा उपयोग करून आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेल खाणारा जीवाणू घडवला. त्याच्या पेटंटला १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली.

अशी टाकी सुरू करताना आपल्याकडे शेण किंवा मैलापाण्याचा गाळ घालण्याची पद्धत आहे. सुरुवातीला विषारी पाणी थोडेच सोडतात, मग बेताबेताने वाढवतात. ज्यांना ते सोसत नाही ते मरतात. ज्यांना सोसते त्यांची प्रजा वाढते. पुढे टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत घालतात. उद्याच्या दह्यासाठी वाटीभर विरजण राखून ठेवणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण विरजण नासते, तसे हेही नासते. या जीवाणूंना सतत हवा हवी, कोकच्या पाण्यात पुरेसे न मिळणारे फॉस्फरस वरून द्यावे लागते, आम्लता सांभाळावी लागते. एखाद्या दिवशी विषाचा लोंढा अचानक आला, तर महिनोन्‌महिने वाढवलेली वस्ती काही तासांत कोलमडू शकते. ती पुन्हा उभी करायला आठवडे लागतात. अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू तर विशेष नाजूक आणि संथ वाढीचे.

अशा वेळी प्रश्न केवळ टाकीचा राहत नाही. भिलाईच्या एका अंगाला शिवनाथ वाहते, दुसऱ्या अंगाला खारून. सायनाइड, फिनॉल तसेच नदीनाल्यांत गेले तर आधी मासे मरतात, मग त्या पाण्यावर जगणारी गुरे आणि माणसे संकटात येतात. म्हणूनच पाळीवरच्या माणसाला रात्री-अपरात्रीही या टाक्यांतली हवा आणि पाण्याचा कस तपासावा लागतो.

भिलाईचे नाव पोलादाने मोठे केले. पण पोलादाच्या या नगरीत माणसाने मातीतल्या जीवाणूंशी एक मूक करारही केला आहे. विष पचवण्याचे काम त्यांचे, त्यांना जपण्याचे काम आपले. त्यांनी आपली बाजू आजवर चोख पाळली आहे!