लंडनचं डिझाइन म्युझियम आणि जपमाळेचे १०८ मणी



लंडनला लेकीकडे जाऊन आल्यापासून बऱ्याच जणी विचारतात, काय काय पाहिलंत? राजवाडा, नदी, मोठं घड्याळ हे तुम्ही फोटोंत पाहिलेलंच आहे. मी आज सांगणार आहे डिझाइन म्युझियमबद्दल. तिथे राजांचे मुकुट नाहीत. टाइपरायटर, स्कूटर, टेबलावरचा दिवा अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत आणि कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही!

आधी इमारतीबद्दल. केन्सिंग्टन भागात हॉलंड पार्कला लागूनच ती आहे. वाळत घातलेल्या चादरीची समोरासमोरची दोन टोकं वर उचलावीत आणि दोन खाली ओढावीत, तसं तिचं छप्पर आहे. आतून काँक्रीट, वरून तांब्याचा पत्रा. कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटसाठी १९६२ साली ती उभी राहिली. छपरासाठी २५ टन तांबं उत्तर ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झांबियातून, भेट आलं होतं. पुढे २००२ मध्ये संस्था बंद झाली. डिझाइन म्युझियम टेरेन्स कॉनरन यांनी १९८९ साली थेम्सकाठी, केळ्यांच्या एका जुन्या गोदामात सुरू केलं होतं. ते २०१६ मध्ये इथे आलं. त्यासाठी छप्पर जागच्या जागी टेकू लावून तोलून धरलं आणि खालचे मजले काढून नव्याने बांधले. आपण ओटा बदलायचा म्हटला तरी महिनाभर घर डोक्यावर घेतो!

आतली रचना जॉन पॉसन यांची. ओकचं लाकूड, रिकाम्या भिंती, बसता येईल असा रुंद जिना. वर पाहिलं की छपराचा घडीदार पोटभाग दिसतो. भर दुपारी बस्तीत शिरल्यावर वाटतं तसं शांत वाटलं मला.

वरच्या मजल्यावर कायमचा संग्रह आहे. दाराशी मोठी पाटी, तिच्या पट्ट्या फिरतात आणि आळीपाळीने तीन शब्द दिसतात : डिझाइनर, मेकर, यूजर. म्हणजे योजणारा, घडवणारा आणि वापरणारा. तीन शब्द वाचून मला कुठेतरी ओळखीचं वाटत राहिलं.

आत ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्या आहेत. जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी त्या आखल्या, १९६५ पासून त्या रस्त्यांवर आल्या. शाळेजवळच्या पाटीवर एक मुलगी लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडते. ती मुलगी कॅल्व्हर्टबाईंनी स्वतःच्या लहानपणावरून काढली. माझा नातू त्याच पाटीखालून रोज शाळेत जातो.

आणि त्याच संग्रहात एके-४७ बंदूकही आहे. नातू म्हणाला, "आज्जी, हे बघ, खरी!" लेक यंत्रांचे भाग आखण्याचंच काम करते. तिने समजावलं की मोजके भाग, चिखलात पडली तरी चालते, कुणालाही पटकन शिकता येते. म्हणजे वस्तू म्हणून निर्दोष. ती बनवणारे कलाश्निकोव्ह २०१३ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी रशियातल्या आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारलं होतं, की माझ्या बंदुकीने माणसं मेली, तर त्याचा दोष माझ्याकडे येतो का?

तिथे मला तीन शब्दांची ओळख पटली. आपल्या जपमाळेत १०८ मणी का, हे आपण पाठशाळेत शिकलोय. संरंभ, समारंभ, आरंभ हे ३. मन, वचन, काया हे ३. कृत, कारित, अनुमोदना हे ३. क्रोध, मान, माया, लोभ हे ४. गुणाकार करा, १०८ येतात. संरंभ म्हणजे करायचं मनात योजणं, समारंभ म्हणजे साधनं जुळवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. पाटीवरचे तीन शब्द याहून फार वेगळे नाहीत. आणि आपल्याकडे हिशेब वापरणाऱ्यापासून नाही, योजणाऱ्यापासून सुरू होतो. हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं यालाही हिंसादान म्हणून अनर्थदंडात वेगळा रकाना आहे.

जिन्यावर बसलो तेव्हा लेकीने सांगितलं, तिला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळते आहे. पगार दीडपट. काम ड्रोनच्या भागांचं, सैन्यासाठी. "आई, तुला काय वाटतं?"

उत्तर सोपं नव्हतं. देशाच्या, घराच्या रक्षणासाठी होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे आपला धर्मही मान्य करतो. त्यांच्या घराचे हप्ते मला ठाऊक आहेत. मी एवढंच म्हटलं, "नको असं मी म्हणणार नाही. पण तू संरंभाच्या जागी बसणार आहेस. ते भाग कुणाला विकले जाणार, एवढं विचारून घे."

तिने विचारलं. मी निघेपर्यंत कंपनीचं उत्तर आलं नव्हतं. निर्णय तिचा आहे. माझ्यापुरतं मी ठरवलंय, की उद्या तिने ती नोकरी घेतली तर "लेकीला दीडपट पगार" असं कौतुकाने चार घरी सांगणार नाही. ती अनुमोदना माझ्या खात्यावर पडेल. ती माझी लेक आहे, माया तेवढीच राहील.

आपल्या स्वयंपाकघरातलं गाळणं आठवा. पाणी गाळून झालं की ते उलटं धुऊन त्यातले जीव जिथलं पाणी तिथेच सोडायचे. योजणाऱ्याने शेवटच्या जीवापर्यंतचा विचार केला होता. तुमची मुलं-सुना, लेकी-जावई आज काय काय योजत असतील! त्यांना पगार विचारतो, तसं एकदा हेही विचारा, की तू बनवतोस ते पुढे कुणाच्या हाती जातं?