पिसारा गळाला म्हणून काय झालं?

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये फेदर डस्टर पाळणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं : घाई करू नका. हा नळीत राहणारा समुद्री किडा. नळीबाहेरच्या पिसाऱ्यानंच तो श्वास घेतो आणि पाण्यातले अन्नकणही टिपतो. म्हणून नळीचं बूड वाळूत किंवा खडकाच्या फटीत अलगद बसवावं. पाणी खेळतं असावं, पण झोत थेट अंगावर नको. तांबं असलेली औषधं वर्ज्य. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ मात्र मागे उरतं; तेव्हा भर घालावी ती क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याची.

माझी आत्या तंजावरला राहते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत. काका गेल्यावर त्यांच्या हौसेचा टँक तिनंच सांभाळला. एका मे महिन्यात किड्याचा पिसारा गळून पडला.

"मेला तो. आता टँकही विकून टाक," सगळे म्हणाले.

आत्यानं नळी नीट पाहिली. किडा आत होता, दुर्गंधी नव्हती. पाण्याचा खारेपणा, तापमान ती रोज तपासत राहिली. काही आठवड्यांनी नळीच्या तोंडाशी इवलासा नवा पिसारा दिसला.

टँक विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.