पाठीवरचा भार

माघांत कोथरूडाहून सांदणदरीस जाण्याचें ठरलें, तेव्हां आम्हीं पिशवी भरली ती काशीयात्रेस निघाल्यासारखी: पितळी तांब्या, दोन धोतरें, फराळाचे डबे, वर अमरकोश! नातवानें ती काट्यावर तोलली. भार ११ किलो. ३ लिटर पाणी तेवढें ठेवून त्यानें निम्में सामान बाहेर काढलें. आम्हांस रागच आला.

अकोले तालुक्यांतील साम्रद गांवाजवळ सह्याद्रीचा कातळ उभा चिरलेला आहे. ती चीर म्हणजेच सांदणदरी. पावसाळ्यांत ही पाण्याचीच वाट. तेव्हां तेथें पाऊल टाकूं नये. आंत शिरल्यावर गार पाणी कमरेस लागलें. पिशवी डोक्यावर घेतली, तोंच पाय निसटला. पण भार हलका, म्हणून तोल सांवरला.

‘अपरिग्रह’ हा शब्द आम्हीं वर्गांत ३५ वर्षें शिकविला. त्याचा अर्थ मात्र त्या पाण्यांत उमगला.